विंचवाचें बिऱ्हाड

आमच्या एका स्नेह्यांचे चिरंजीव आणि त्यांची पत्नी गेल्या वर्षीं प्रागला जाऊन आलीं. प्राग हें मध्य युरोपांतील चेक देशाचें राजधानीचें शहर. सोलापूरच्या सुशिक्षित कुटुंबांनीं परदेशप्रवास करणें ही आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. परंतु हीं दोघें ज्या रीतीनें गेलीं, तिची चर्चा त्या घरांत बरेच दिवस चालली. त्यांच्यापाशीं चाकांची मोठी पेटी नव्हती, बरोबर वाटाड्या नव्हता, कीं दारांत मोटार उभी नव्हती. प्रत्येकाच्या पाठीवर एक पिशवी, जिला तरुण मंडळी सॅक म्हणतात, आणि पायांत बळकट जोडे, एवढ्या साहित्यावर त्यांनीं चार दिवस तें शहर पायीं पाहिलें. छायाचित्रें पाहतांना आमच्या स्नेह्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "इतका पैसा खर्चून शेवटीं हमालीच करायची होती, तर सोलापूरचें स्टेशन काय वाईट होतें?" असें ते म्हणाले.

प्रश्न थट्टेचा असला तरी उत्तर देण्याजोगा आहे. स्वतःचें ओझें स्वतःच्या पाठीवर घेऊन जुनें शहर पाहण्यांत विशेष तें काय, ही रीत कोठून आली, आणि आपणां सोलापूरकरांशीं तिचा संबंध कोणता, हें आज थोडक्यांत सांगण्याचें मीं योजिलें आहे.

प्रथम त्या पिशवीचेंच पाहूं. ती साध्या झोळीसारखी दिसते, पण तिची रचना विचारपूर्वक केलेली असते. खांद्यांच्या दोन पट्ट्यांखेरीज तिला कमरेचा एक रुंद पट्टा असतो. तो कमरेच्या हाडांवर नीट आवळला म्हणजे बराचसा भार खांद्यांवरून उतरून कमरेवर आणि तेथून पायांवर जातो. जड वस्तु पाठीला लागून ठेवावयाच्या, हलक्या बाहेरच्या बाजूस. याच्या उलट केलें तर ओझें माणसाला मागें ओढतें, आणि तोल सांभाळण्यासाठीं तो पुढें वांकतो. वांकून चालणाऱ्याला शहर कसलें दिसणार? त्याला रस्त्याची फरशी तेवढी दिसते. डोक्यावर भरली घागर घेऊन ताठ मानेनें चालणाऱ्या आपल्या बायकांना हें तत्त्व कोणी शिकवावें लागलें नाहीं. भार शरीराच्या रेषेंत राहिला कीं तो सुसह्य होतो, एवढेंच त्यांतलें मर्म आहे.

पण पिशवीचा खरा परिणाम होतो तो प्रवाशाच्या मनावर. जें घ्यावें तें आपल्यालाच वाहावें लागणार, हें ठाऊक असल्यामुळें घरूनच निवड सुरू होते. तीन साड्यांऐवजीं दोन पोशाख, चार पुस्तकांऐवजीं एक. वाटेंत खरेदीचा मोह आपोआप आवरतो. मुक्काम शक्य तितका जुन्या वस्तीजवळ घ्यावा लागतो, आणि म्हणून सकाळीं दूध घालणारा व रात्रीं दुकानाची फळी लावणारा असे दोघेही दृष्टीस पडतात. पतिपत्नींच्या प्रवासांत आणखी एक गोष्ट घडते. ओझें दोघांचें सारखें असल्यामुळें दमही दोघांना सारखाच लागतो. केव्हां थांबावें हें एकानें ठरवून दुसऱ्यानें ऐकावें, असें चालत नाहीं. ज्या घरांत प्रवासाचा कार्यक्रम यजमान आंखतात आणि बाईंच्या वांट्याला सामान मोजणें तेवढें येतें, त्या घरांना ही गोष्ट लहान वाटूं नये.

युरोपांत ही रीत पसरण्यास दोन गोष्टी विशेष कारण झाल्या. एकोणिसाव्या शतकांत जर्मनीमधील कार्ल बेडेकर ह्या प्रकाशकानें खिशांत मावतील अशीं प्रवासाचीं पुस्तकें काढलीं. कोणती वास्तु कोठें आहे, तेथें कसें जावें, उतरावें कोठें, हें त्यांत नेमकें दिलेलें असे. विशेष प्रेक्षणीय स्थळांपुढें तारका छापलेली असे. त्यामुळें वाटाड्यावांचून हिंडणें सामान्य प्रवाशाला शक्य झालें. दुसरी गोष्ट एका शाळामास्तरांची. रिखर्ड शिरमान हे जर्मन शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांना पायीं सहलीला नेत. १९०९ सालीं अशाच एका सहलींत वादळी पावसानें त्यांना गांठलें, आणि एका गांवच्या शाळेंत रात्र काढावी लागली. पायीं हिंडणाऱ्या तरुणांसाठीं जागोजाग स्वस्त निवारे असावेत, ही कल्पना त्या रात्रीं त्यांच्या मनांत आली. १९१२ सालीं आल्टेना येथील जुन्या गढींत असा पहिला कायमचा निवारा सुरू झाला. पुढें जगभर झालेल्या यूथ होस्टेलांचें हें मूळ होय.

धर्मशाळा आणि मठ ज्यांच्या परिचयाचे आहेत त्या आपणांस ह्या कल्पनेचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. आमच्या स्नेह्यांच्या घरीं छायाचित्रें पाहत बसलेल्या मंडळींत हें सर्वांत आधीं कोणाला उमगलें असेल, तर तें त्यांच्या वृद्ध मातोश्रींना. नातसुनेच्या पाठीवरची पिशवी त्यांनीं निरखून पाहिली आणि त्या म्हणाल्या, "अगं, मी आणि तुझे आजेसासरे पंढरीला पायीं जायचों, तेव्हां त्यांच्या खांद्यावर वळकटी आणि माझ्या डोक्यावर गांठोडें. तुमचें गांठोडें पाठीवर, एवढाच काय तो फरक!" सोलापुराहून पंढरपूर सुमारें पाऊणशें किलोमीटर. त्या वाटेनें पिढ्यान् पिढ्या जोडप्यांनीं आपलें बिऱ्हाड स्वतः वाहून नेलें आहे, आणि त्याला कोणीं हमाली म्हटलेलें नाहीं.

आतां त्या दोघांनीं प्रागमध्यें काय पाहिलें तें ऐका. जुन्या नगराच्या चौकांत नगरगृहाच्या मनोऱ्यावर एक घड्याळ आहे. त्याचा सर्वांत जुना भाग १४१० सालचा. तें तासांबरोबर सूर्यचंद्रांची स्थितीही दाखवितें, आणि दर तासाला त्याच्या खिडक्यांतून येशूच्या शिष्यांच्या मूर्ति फिरून जातात. मे १९४५ मध्यें, महायुद्धाच्या अगदीं अखेरीस, त्या नगरगृहाला आग लागून घड्याळाची नासधूस झाली. नागरिकांनीं तें दुरुस्त करून १९४८ मध्यें पुन्हां चालू केलें.

तेथून जुन्या गल्ल्यांनीं नदीकडे गेलें कीं व्लटावा नदीवरचा दगडी पूल लागतो. चौथा चार्ल्स राजा याच्या कारकीर्दींत १३५७ सालीं त्याच्या कामास आरंभ झाला. आज त्यावर वाहनें जात नाहींत. तो केवळ पादचाऱ्यांचा आहे. पुलाच्या दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे व पुतळ्यांचे समूह आहेत, पण त्यांतील बहुतेक सतराव्या-अठराव्या शतकांत बसविलेले. म्हणजे पाय ज्या दगडावर पडतो तो एका काळाचा आणि दृष्टि ज्या मूर्तीवर पडते ती दुसऱ्या काळाची. पुलापलीकडे टेकडीवर राजवाड्याच्या आवारांत मोठें प्रार्थनामंदिर आहे. तें १३४४ सालीं बांधावयास घेतलें आणि १९२९ सालीं पूर्ण केलें. मध्यें जवळ जवळ सहा शतकें गेलीं. जुनें शहर कोणा एका राजानें एका काळांत घडविलेलें नसतें; तें थरांवर थर बसत तयार झालेलें असतें. मोटारींतून उतरून एकेका वास्तूपुढें दहा मिनिटें उभें राहणाऱ्याला ते थर सुटे सुटे दिसतात. चौकांतून पुलावर आणि पुलावरून टेकडीवर चालत जाणाऱ्याला ते एकमेकांना जोडलेले दिसतात. पायीं हिंडण्याचा खरा लाभ तो हा.

हें वर्णन चाललें असतांना मातोश्रींनीं सहज विचारलें, "मग तो पूल आपल्या किल्ल्याहून थोरला कां धाकटा?" चिरंजीव गप्प राहिले. सूनबाईंनीं त्यांच्याकडे पाहिलें. दोघेंही सोलापुरांत जन्मलेलीं. किल्ल्यांत तीं शाळेच्या सहलीबरोबर एकदां गेलेलीं होतीं, तेवढींच.

ह्या प्रश्नाचें उत्तर मनोरंजक आहे. दक्षिणेंत बहामनी राज्य स्थापन झालें १३४७ सालीं. प्रागचें विद्यापीठ स्थापन झालें त्याच्या पुढच्याच वर्षीं, आणि पूल दहा वर्षांनीं सुरू झाला. आपला भुईकोट हा चौदाव्या शतकांतील बहामनी काळचा मानला जातो. म्हणजे पूल आणि किल्ला हे साधारण एकाच पिढीचे सोबती म्हणावयास हरकत नाहीं.

तेव्हां हीच रीत सोलापुरास लावून पाहूं. किल्ल्याच्या दुहेरी तटापासून निघावें. आंत जुन्या मंदिराचे अवशेष आहेत, म्हणजे किल्ल्याच्या आधींचा थर तेथेंच हातीं लागतो. सोळाव्या शतकांत अहमदनगरच्या चांदबिबीचा विवाह विजापूरच्या अली आदिलशहाशीं झाला, तेव्हां हा किल्ला तिला आंदण दिला गेला. दोन राज्यें ज्याच्यासाठीं पुनः पुनः झगडलीं, तो किल्ला असा एका मुलीच्या लग्नांत हात बदलून गेला. पुढें मे १८१८ मध्यें मन्रोच्या इंग्रज फौजेनें तो पेशव्यांच्या सैन्यापासून घेतला. तटाला लागूनच तळें आहे आणि तळ्यांत सिद्धेश्वराचें मंदिर. बाराव्या शतकांतील शिवयोगी सिद्धरामेश्वर हे बसवेश्वरांचे समकालीन आणि कन्नड वचनांचे कर्ते. हें तळें त्यांनींच खणविलें, असें परंपरा सांगते. येथें शहराचा थर किल्ल्याहूनही दोन शतकें खोल गेला.

तेथून चार पुतळ्यांपर्यंत सहज चालत जातां येतें. १९३० च्या मे महिन्यांत सोलापुरांत मार्शल लॉ पुकारण्यांत आला. त्या प्रकरणांत मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्याच्या तुरुंगांत फांशी देण्यांत आलें. त्या चौघांचीं नांवें एका दमांत वाचलीं तरी ह्या शहराची घडण ध्यानांत येते. पुढें पूर्व भागांत शिरावें. तेथें मागाचा खटखटाट आणि तेलुगु बोलणें एकाच वेळीं कानांवर येतें. विणकरीवर पोसलेल्या ह्या गांवांत १८७७ सालीं कापडाची गिरणी निघाली, ती पुढें जुनी गिरणी म्हणून ओळखली गेली. मराठी, कन्नड, तेलुगु आणि उर्दू ह्या चारही भाषा दोन तासांच्या फेरफटक्यांत ऐकूं येतील असें शहर प्रवासी लोक दूरदेशीं शोधीत हिंडतात. येथें तें आपल्या दाराशीं आहे.

आणि पायीं शहर पाहण्याची ही रीत सोलापुरानें परक्यांकडून घ्यावी, असेंही नाहीं. सिद्धरामेश्वरांनीं शहराच्या परिसरांत अडुसष्ट लिंगें स्थापिलीं, अशी श्रद्धा आहे. संक्रांतीच्या यात्रेच्या आरंभीं सात नंदिध्वज त्या अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेस निघतात. ते उंच आणि जड नंदिध्वज मानकरी स्वतः पेलून सबंध शहराला फेरी घालतात. ओझें अंगावर आहे, पायीं चालणें आहे, आणि गांवाची एकही महत्त्वाची जागा सुटूं नये असा क्रमही आहे. प्रवासाच्या कोणत्याही पुस्तकानें याहून चांगला मार्ग आंखून दिला नसता. आपण मात्र तो सोहळा एखाद्या चौकांत उभे राहून पाहतों आणि घरीं परततों.

म्हणून माझी विनंति एवढीच आहे. थंडीच्या दिवसांतील एखाद्या रविवारीं, ऊन चढण्यापूर्वीं, घरांतील पतिपत्नींनीं दोन लहान पिशव्या पाठीवर घ्याव्या. त्यांत पाणी, शिदोरी आणि एक वही असावी. किल्ला, तळें, चार पुतळे आणि विणकरांच्या गल्ल्या एवढें एका दमांत पाहावें, आणि जें कळलें नाहीं तें वहींत लिहून ठेवावें. प्रागच्या लोकांना जळालेलें घड्याळ पुन्हां चालू करावेंसें वाटलें, कारण तें त्यांच्या रोजच्या वाटेवर होतें. तटाचा एखादा दगड निखळला किंवा तळ्यांत घाण साचली, तर तिकडे प्रथम लक्ष जाईल तें त्या वाटेनें चालणाऱ्याचेंच. जो कधीं तेथें गेला नाहीं, त्याला आपलें कांहीं गेलें हें समजणार तरी कसें?

आमच्या स्नेह्यांचें काय झालें, हें सांगावयाचें राहिलें. हमालीचा शब्द त्यांनीं अद्याप मागें घेतलेला नाहीं. मात्र परवां संध्याकाळीं ते घरीं आले, चहा झाला, आणि जातां जातां दारांत थांबून त्यांनीं हळूच विचारलें, "ती कमरेच्या पट्ट्याची पिशवी कोठें मिळते हो? दोन हव्या होत्या."