नावाआधी आवाज

‘सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर.’ महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी इंग्रजीची सुरुवात या तालावर केली. ताल पक्का बसतो, शब्दही पाठ होतो. पण त्याच मुलासमोर तीच तीन अक्षरे फिरवून ‘ॲक्ट’ लिहिले किंवा शेवटचे अक्षर बदलून ‘कॅप’ लिहिले, की ते अडते. कारण त्याला सी, ए, टी ही अक्षरांची नावे माहीत असतात. शब्दात ती अक्षरे कोणता आवाज काढतात, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. नावे एकापुढे एक जोडली तर ‘सीएटी’ होते, ‘कॅट’ होत नाही.

महाराष्ट्रात तत्कालीन शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या काळात, २००० सालापासून मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आले. आज साताऱ्यातल्या वाडीवरचे मूलही सहाव्या वर्षी इंग्रजी अक्षरे गिरवते. तरीही ‘असर’च्या २०२२ च्या सर्वेक्षणात देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतली जेमतेम एक चतुर्थांश मुले सोपी इंग्रजी वाक्ये वाचू शकली. पाच वर्षे इंग्रजी शिकूनही वाचता येत नाही म्हटल्यावर पालक एक तर मुलाला ‘ढ’ ठरवतात किंवा कर्ज काढून इंग्रजी माध्यमात घालतात. दोष मुलाच्या बुद्धीचा की शिकवण्याच्या क्रमाचा, हा प्रश्न मात्र मागे राहतो.

इंग्रजीच मुळात अवघड

इंग्रजीत अक्षरे २६ आणि आवाज साधारण ४४. त्यांतले २४ आवाज व्यंजनांचे. त्यात अक्षरांची नावेही फसवी. ‘डब्ल्यू’ची सुरुवात ‘ड’ने होते, पण त्याचा आवाज ‘व’. ‘वाय’ची सुरुवात ‘व’ने, पण आवाज ‘य’. ‘एच’च्या नावात तर ‘ह’ ऐकूच येत नाही.

याचा त्रास इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलांनाही होतो. फिलिप सेमूर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये युरोपातल्या १३ भाषांमधील मुलांच्या वाचनाची तुलना केली. शाळेच्या पहिल्या वर्षाअखेर बहुतेक भाषांतली मुले ओळखीचे ९० टक्क्यांहून अधिक शब्द बरोबर वाचत होती. इंग्रजी वाचणारी स्कॉटलंडची मुले सुमारे ३४ टक्क्यांवर होती. घरी-दारी इंग्रजी ऐकणाऱ्या मुलांची ही गत असेल, तर माण-खटावच्या मुलाला वेळ लागणे स्वाभाविक आहे.

यावर उपाय म्हणून अनेक देशांनी आधी आवाज, मग नाव हा क्रम धरला. अमेरिकेत २००० साली राष्ट्रीय वाचन समितीने आणि इंग्लंडमध्ये २००६ साली रोज अहवालाने आवाज पद्धतशीर शिकवण्याची शिफारस केली. यालाच आपल्याकडे ‘फोनिक्स’ म्हणून ओळखतात.

‘ब’ला चिकटलेला ‘अ’

फोनिक्स शिकवताना आपल्याकडे हमखास एक अडचण येते. देवनागरीत व्यंजन एकटे उभे राहत नाही. ‘ब’ म्हटले की त्यात ‘अ’ आलाच. त्यामुळे ‘बॅट’चे आवाज सांगताना ‘बऽ, ॲ, टऽ’ असे सांगितले जाते. मूल प्रामाणिकपणे जोडते आणि ‘बऽॲटऽ’ म्हणते. त्यातून ‘बॅट’ काढणे त्याला जमत नाही.

ही सवय लिपीतून येते. बंगळूरच्या संशोधक सोनाली नाग यांनी २००७ मध्ये कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कन्नड आणि देवनागरी या दोन्ही लिपी अक्षराच्या तत्त्वावर चालतात. शब्दातली अक्षरे सुटी करणे अशा मुलांना लवकर जमते, पण अक्षरातले व्यंजन आणि स्वर वेगळे करणे सावकाश येते. इंग्रजी वाचनाला मात्र नेमके हे दुसरे कौशल्य पहिल्या दिवसापासून लागते.

गंमत म्हणजे त्यासाठीचे साधन मराठीतच आहे. अक्षराचा पाय मोडणे आपल्या मुलांना माहीत असते. ‘ब’ आणि पाय मोडलेला ‘ब्’ यांतला फरक तोंडाने म्हणून दाखवला, की शुद्ध व्यंजनाचा आवाज हाती लागतो. सुरुवात ‘म्’, ‘स्’, ‘न्’ अशा लांबवता येणाऱ्या आवाजांनी करावी. ‘म्‌म्‌म्-ॲ-न्‌न्‌न्’ हे ओढत ओढत ‘मॅन’पर्यंत नेता येते. ‘प्’, ‘ट्’, ‘क्’ लांबवता येत नाहीत, म्हणून ते नंतर आणि अगदी झटक्यात म्हणावेत.

मराठीची आणखीही मदत होते. ‘चार’मधला आणि ‘चाक’मधला ‘च’ वेगळा, ‘जीभ’मधला आणि ‘जवळ’मधला ‘ज’ वेगळा, हे आपले मूल न शिकवता ओळखते. मग इंग्रजी ‘सी’ कधी ‘क’ तर कधी ‘स’ होतो, यात त्याला नवल वाटू नये. ओठ गोल करून म्हणायचा ‘वॉच’चा ‘व’ आणि खालच्या ओठावर दात टेकवून म्हणायचा ‘व्हॅन’चा ‘व्ह’ हा भेद तर मराठी लेखनाने केव्हाच टिपला आहे.

जतचे ‘बस्सु’

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला जत तालुक्यात घरी कन्नड बोलणारी अनेक कुटुंबे आहेत. तेथे जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. कन्नडमध्ये शब्दाचा शेवट सहसा स्वराने होतो. म्हणून कन्नड घरात ‘बस’चे ‘बस्सु’ आणि ‘कार’चे ‘कारु’ होते. तासगावच्या मराठी मुलाला शब्दाच्या शेवटी व्यंजन ठेवणे सोपे जाते, कारण मराठीत आपण ‘घर’, ‘हात’ असेच बोलतो. उलट पूर्वी खेड्यात ‘स्टेशन’चे ‘ठेसन’ झाले, ते सुरुवातीचे जोडव्यंजन जिभेला जड गेल्यामुळे. म्हणजे एकाच जिल्ह्यात दोन मुलांच्या अडचणी वेगळ्या आणि दोन्हींचे कारण घरची भाषा. शिक्षकाला ती माहीत असेल, तर ‘बस्सु’ ऐकून तो हसणार नाही, शेवटचा ‘स्’ लांबवून दाखवेल.

घरची भाषा कान किती लवकर घडवते, हे दाखवणारा एक प्रसिद्ध प्रयोग आपल्याच ‘त’ आणि ‘ट’वर झाला आहे. कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले हे दोन आवाज ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांना तो कळला. हिंदी ऐकत वाढणाऱ्या बाळांची ती क्षमता शाबूत राहिली. जे आवाज आपल्या भाषेत उपयोगाचे नाहीत, त्यांच्याकडे कान दुर्लक्ष करायला शिकतो. इंग्रजीतला ‘टी’ आपल्या ‘त’ आणि ‘ट’च्या मधला आहे, पण आपला कान तो सरळ ‘ट’च्या खान्यात टाकतो. हा दोष नव्हे, आणि सरावाने नवे आवाज पुढेही शिकता येतात.

फलटणचा धडा

आवाजाच्या वाटेने वाचन शिकवण्याचे एक महत्त्वाचे काम सातारा जिल्ह्यातच झाले, आणि तेही मराठीसाठी. अमेरिकेत जन्मलेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन साठच्या दशकात फलटणला आल्या. फलटणच्या मराठीतले सामाजिक भेद या विषयावर त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली, पुढे भारतीय नागरिकत्व घेतले. शाळेबाहेर राहिलेल्या वस्त्यांतल्या मुलांसाठी त्यांनी वाचनाचे वर्ग घेतले. त्यातून प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभी राहिली. भारतात व्यवसायोपचार शास्त्राचा पाया घालणाऱ्या कमला निंबकर यांचे नाव या शाळेला आहे.

या पद्धतीत ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत सगळी अक्षरे संपण्याची वाट पाहिली जात नाही. काही व्यंजने आणि एक-दोन स्वरचिन्हे यांचा छोटा गट घ्यायचा आणि लगेच त्यातून अर्थ असलेले शब्द वाचायचे. ‘जॉली फोनिक्स’ या ब्रिटिश पद्धतीचा पहिला गटही असाच आहे. एस, ए, टी, आय, पी, एन या सहा अक्षरांतून ‘पिन’, ‘टिन’, ‘पॅन’, ‘नॅप’, ‘टॅप’, ‘सिट’ असे कितीतरी शब्द पहिल्याच आठवड्यात वाचता येतात. झेडपर्यंत पोहोचण्याची गरज पडत नाही. आवाज जोडून अर्थ सापडतो, ही गोष्ट मुलाला एकदा मराठीत उमगली, की इंग्रजीसाठी ती नव्याने शिकवावी लागत नाही. म्हणूनच मराठी वाचन पक्के करणे हा इंग्रजीत घालवलेला वेळच आहे.

घरी काय करता येईल

पालकांचे इंग्रजी चांगले असलेच पाहिजे असे नाही. शेतकरी घरातल्या मुलाच्या कानावर ‘पंप’, ‘ड्रिप’, ‘बॉक्स’, ‘स्प्रे’, ‘ट्रॅक्टर’ हे शब्द रोज पडतात. महाबळेश्वरचे मूल ‘स्ट्रॉबेरी’ म्हणताना तीन व्यंजने एका दमात म्हणते. ‘पंपच्या सुरुवातीला कोणता आवाज? शेवटी कोणता?’ हा खेळ पाटी-पेन्सिलीशिवाय खेळता येतो. पहिला आवाज ओळखणे जमले की शेवटचा, मग मधला.

काही आवाज हाताने समजतात. गळ्यावर बोटे ठेवून ‘स्‌स्‌स्’ म्हटले तर काही हलत नाही. तोंड तसेच ठेवून भुंग्यासारखा आवाज काढला की गळा थरथरतो. तो ‘झू’मधला ‘झेड’. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून ओठ मिटून ‘फ’ म्हटले तर ती झटक्याने उडते. ‘फॅन’चा ‘एफ’ खालच्या ओठावर वरचे दात टेकवून काढला तर हवा सलग येत राहते. दिवसाला दहा मिनिटे पुरेत. ‘द’, ‘वॉज’, ‘वन’, ‘सेड’ असे नियमात न बसणारे थोडे शब्द तेवढे पाहून लक्षात ठेवावे लागतात.

उच्चार इंग्लंडच्या मुलासारखा झालाच पाहिजे, हा आग्रह मात्र नको. ‘थँक्स’चा ‘थ’ भारतीय वळणाचा राहिला, तरी समजण्यात अडचण येत नाही.

कान कधी तपासावा

शिकण्याची अडचण आणि आरोग्याची अडचण यांत फरक करणे गरजेचे आहे. शॅरीन मॅक्लाउड आणि कॅथरिन क्रो यांनी २०१८ मध्ये २७ भाषांतल्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यानुसार पाच वर्षांपर्यंत मुलांना आपल्या भाषेतली बहुतेक व्यंजने म्हणता येतात. तेव्हा पालकांसाठी कसोटी सोपी आहे. फक्त इंग्रजी आवाज चुकत असतील तर काळजीचे कारण नाही. पण सहा वर्षांचे मूल मराठीतही ‘काका’ला ‘ताता’ म्हणत असेल किंवा घराबाहेरच्या माणसांना त्याचे बोलणे कळत नसेल, तर वाचा-उपचारतज्ज्ञांना दाखवावे.

कानाकडेही लक्ष हवे. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या मधल्या कानात पाणी साचते आणि काही आठवडे कमी ऐकू येते. ‘स’ आणि ‘फ’सारखे आवाज मुळातच क्षीण आणि उच्च पट्टीचे असल्याने ऐकण्यातून सहज निसटतात. मूल टीव्हीचा आवाज वाढवत असेल, पाठीमागून हाक मारल्यावर वळत नसेल, कान फुटत असेल, तर शिकवणी लावण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्यांमध्ये वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांमध्ये एकदा तपासणीला येतात. त्या दिवशी मूल शाळेत असेल याची काळजी घ्यावी आणि शंका असल्यास ती पथकाला आवर्जून सांगावी. साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आणि मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पुढची तपासणी होऊ शकते.

पुढच्या वेळी मूल ‘ए-बी-सी-डी येते’ म्हणून झेडपर्यंत म्हणून दाखवेल, तेव्हा कौतुक जरूर करावे. मग त्याला एवढेच विचारावे, ‘बी काय बोलतो?’ त्याने पाय मोडलेला ‘ब्’ काढला, तर त्याचे वाचन सुरू झाले असे समजावे.