दोन क्लचची गाडी : चढावर सांभाळा, घेताना विचारा

आपल्या व्यापारी बांधवांच्या दारात आता ऑटोमॅटिक गाडी ही नवलाई राहिलेली नाही. गुडघे दुखतात, भिवंडीच्या गर्दीत डावा पाय क्लचवर ठेवून ठेवून अवघडतो, म्हणून पन्नाशी ओलांडलेला माणूस ऑटोमॅटिककडे वळतो. यात गैर काही नाही. परंतु ऑटोमॅटिक या एकाच नावाखाली बाजारात तीन-चार जातींचा माल विकला जातो, आणि घेणारा फक्त रंग व किंमत विचारतो. कापडाचा ताका घेताना आपण सुताचा काउंट विचारतो, पन्हा मोजतो, उजेडात धरून विणकर पाहतो. दहा-पंधरा लाखांच्या गाडीत मात्र आत काय आहे हे विचारत नाही. आम्हीही विचारले नव्हते. त्याची किंमत आम्ही मोजली, म्हणून हा लेख.

२०२३ च्या पावसाळ्यातील गोष्ट. भिवंडीत सुताचा सौदा उरकून आम्ही रात्री मालेगावला परतत होतो. गाडी दोन वर्षे वापरलेली, जुन्या बाजारातून घेतलेली, दोन क्लचची ऑटोमॅटिक. आत आम्ही पाच जण आणि मागे नमुन्यांची दोन गाठोडी. कसारा घाटात ट्रेलर बंद पडला होता. चढावर रांग लागली. दहा फूट पुढे, थांबा; पुन्हा दहा फूट पुढे, थांबा. पुतण्या गाडी चालवत होता. ब्रेक दाबून ठेवण्याऐवजी तो अ‍ॅक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून गाडी चढावर जागच्या जागी धरीत होता. अर्ध्या-पाऊण तासाने गाडी थरथरू लागली, जळका वास आला, समोर तापल्याची सूचना पेटली आणि गाडीने पुढे जाण्याचे नाकारले. इंजिन सुरू होते, रेस दिली की आवाज वाढत होता, पण चाके हलत नव्हती. मागे ट्रक, बाजूला दरी, वर पाऊस. अल्लाहची कृपा, कोणाला इजा झाली नाही.

मालेगावला आल्यावर आमच्या जुन्या मिस्त्रींनी एका वाक्यात उलगडा केला. ते म्हणाले, "सेठ, तुम्ही गाडी ब्रेकने नाही, क्लचने धरून ठेवली होती."

आत काय असते?

जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. गाडी निघताना त्यात तेलच जोर पुढे पोहोचवते. त्यामुळे ती गाडी रांगेत सरपटली तरी घासून झिजणारी क्लच प्लेट मध्ये नसते. दोन क्लचच्या गाडीत मात्र खराखुरा क्लच असतो, आपल्या साध्या गिअरच्या गाडीत असतो तसाच. फरक एवढाच की तो दाबायला आपला पाय नसून आतले यंत्र आणि संगणक असतो.

क्लच दोन कशासाठी? एकाकडे १, ३, ५, ७ हे गिअर, दुसऱ्याकडे २, ४, ६. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धावत असतानाच तिसरा गिअर आधीच लावून तयार ठेवलेला असतो. वेळ आली की एक क्लच सुटतो, त्याच क्षणी दुसरा धरतो. आपला कारागीर मागावर काय करतो ते आठवा. एका धोट्यातील कांडी संपत आली की भरलेल्या कांडीचा दुसरा धोटा हाताशी तयार असतो, म्हणून माग फार वेळ थांबत नाही. हीच कल्पना येथे आहे. फ्रान्समधील आदोल्फ केग्रेस यांनी ती १९३९ च्या सुमारास मांडली होती. नेहमीच्या विक्रीच्या मोटारीत ती फोक्सवॅगनने २००३ साली आणली. आपल्याकडे २०१३ मध्ये पोलो जीटी टीएसआय आली आणि २०१९ मध्ये ह्युंडाई व्हेन्यू व किया सेल्टॉस या गाड्यांतून हा गिअरबॉक्स मध्यमवर्गापर्यंत पोहोचला.

मोकळ्या रस्त्यावर या गाडीची तारीफ करावी तेवढी थोडी. गिअर कधी बदलला ते कळत नाही, पिकअप उत्तम, इंधनही वाया जात नाही. तक्रार सुरू होते ती वेग कमी झाल्यावर.

ओला की कोरडा?

घेणाऱ्याने विचारायचा पहिला प्रश्न हा आहे. ओला क्लच तेलात बुडालेला असतो. घासल्याने उष्णता झाली तरी तेल ती वाहून नेते. कोरडा क्लच हवेत असतो. तो हलका व स्वस्त असतो, तेल ढवळण्यात जोर वाया जात नाही, म्हणून इंधन वाचते. पण तापला तर उष्णता जायला वाट कमी. फोक्सवॅगनच्याच दोन गिअरबॉक्सची तुलना करा. २००३ चा सहा गिअरचा ओला प्रकार साडेसहा लिटर तेल घेतो व ३५० न्यूटन मीटरपर्यंत जोर सोसतो. २००८ चा सात गिअरचा कोरडा प्रकार १.७ लिटर तेलावर चालतो आणि त्याची मर्यादा २५० न्यूटन मीटर आहे. तेही तेल गिअरसाठी, क्लचसाठी नव्हे.

आपल्याकडील व्हेन्यू, सेल्टॉस, पोलो यांच्यातील क्लच कोरडे आहेत. टाटांनी २०२२ मध्ये अल्ट्रोझला दोन क्लचचा गिअरबॉक्स दिला तो मात्र ओल्या क्लचचा. कोणता चांगला हे रस्त्यावर अवलंबून आहे. धुळे-मालेगाव सपाट हमरस्त्यावर धावणाऱ्याला कोरडा क्लच वर्षानुवर्षे साथ देईल. रोज कल्याण नाका आणि अंजूरफाट्याच्या गर्दीत अडकणाऱ्याने किंवा घाटात राहणाऱ्याने दोनदा विचार करावा.

चढावर काय होते?

ज्यांच्या घरी माग आहेत त्यांना ठाऊक आहे की मोटरचा पट्टा घसरू लागला की आधी वास येतो, मग पट्टा चकाकतो, आणि शेवटी मोटर फिरते पण माग फिरत नाही. चढावर हळू सरपटणाऱ्या दोन क्लचच्या गाडीत नेमके हेच होते. गाडीचा वेग पहिल्या गिअरला पुरेल इतका नसतो, म्हणून संगणक क्लच अर्धवट धरतो. ड्रायव्हर लोक ज्याला हाफ क्लच म्हणतात तेच हे. सपाटीवर हा काळ एक-दोन सेकंदांचा. चढावर, भरलेल्या गाडीत, रांगेत, तो मिनिटा-मिनिटांचा होतो. कसारा-इगतपुरीचा चढ कसा आहे हे रेल्वेला विचारा. तेथे रुळांना ३७ फुटांमागे १ फुटाचा चढ आहे आणि बहुतेक गाड्यांना ढकलण्यासाठी मागून जादा इंजिन जोडावे लागते. मग आपल्या गाडीतील दोन पातळ चकत्यांची काय कथा!

साध्या गाडीत क्लच जळत असेल तर पायाला कळते. येथे पायच काढून घेतला आहे, म्हणून कळत नाही. गाडी आपल्या परीने इशारा देते. आधी थरथर, मग सूचना, आणि तरीही ऐकले नाही तर क्लच वाचवण्यासाठी ती जोर देणेच बंद करते. त्या रात्री आमच्या गाडीने हेच केले. आम्ही तिला दोष देत होतो, ती स्वतःला वाचवीत होती.

कमी वेगातील दुसरी खोड म्हणजे अडखळणे. गतिरोधकावर गाडी हळू केली, संगणकाने खालचा गिअर तयार ठेवला किंवा ठेवायचा राहिला, आणि आपण अचानक रेस दिली, तर क्षणभर काहीच होत नाही, मग गाडी उसळी मारते. धोट्यात चुकीच्या रंगाची कांडी भरून ठेवली तर ती काढून दुसरी भरावी लागते, तसा हा खोळंबा. म्हणून हमरस्त्यावर शिरताना समोरून येणारा ट्रक आणि आपण यांच्यात नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवावे.

चालवण्याची रीत

१) चढावर थांबायचे तर पूर्ण ब्रेक दाबा. ब्रेक पुरता दाबलेला असला की क्लच सुटा राहतो. अर्धवट दाबलेला ब्रेक किंवा अ‍ॅक्सिलरेटर, दोन्ही घातक.

२) चढावर पाय उचलल्यावर गाडी ब्रेक आपोआप धरून ठेवते, पण दोन-तीन सेकंदच. तेवढ्यात ठामपणे रेस देऊन निघा. तीव्र चढ असेल तर हँडब्रेक लावून निघा. शरम वाटण्याचे कारण नाही.

३) रांगेत पुढच्या गाडीला चिकटू नका. गाडीभर अंतर मोकळे होऊ द्या, मग एका दमात जा. मागचा हॉर्न वाजवील, वाजवू द्या. क्लचचा खर्च तो देणार नाही.

४) रांग लांब असेल तर हाताने पहिला गिअर लावून ठेवा, म्हणजे एक-दोन, दोन-एक अशी उलथापालथ थांबेल.

५) गोदामाच्या किंवा तळघराच्या चढावर रिव्हर्स घेताना इंच-इंच सरकू नका. माल आधी उतरवा, मग गाडी चढवा.

६) घाट उतरताना गाडी कधीही न्यूट्रलमध्ये टाकू नका. हाताने खालचा गिअर लावा, म्हणजे इंजिन गाडी आवरते व ब्रेक तापत नाहीत.

७) तापल्याची सूचना आली तर सुरक्षित जागी थांबा, 'पी'मध्ये टाका, पण इंजिन चालू ठेवा. सूचना जाईपर्यंत निघू नका.

प्रत्येक वेळी दोष चालवणाऱ्याचाच नसतो

हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मार्च २०१३ मध्ये चीनमध्ये फोक्सवॅगनला या गिअरबॉक्समधील दोषामुळे ३ लाख ८४ हजारांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या. ऑस्ट्रेलियात फोर्डच्या दोन क्लचच्या गाड्यांबद्दल तक्रारी आल्या तेव्हा काही ग्राहकांना सांगण्यात आले की थरथर तुमच्या चालवण्याच्या पद्धतीमुळे होते. कंपनीला मालातील दोष ठाऊक होता. एप्रिल २०१८ मध्ये तेथील फेडरल कोर्टाने कंपनीला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. तेव्हा वॉरंटीच्या काळात थरथर सुरू झाली तर तोंडी बोलून परत येऊ नका. तक्रार जॉबकार्डवर लिहून घ्या, तारखेसह प्रत घरी ठेवा.

आमच्या गाडीची वॉरंटी संपली होती. त्या रात्रीनंतर पहिल्या-दुसऱ्या गिअरला थरथर कायमची राहिली. दुरुस्तीचा खर्च लाखाच्या वर सांगण्यात आला. आम्ही गाडी विकायचे ठरवले. एजंट म्हणाला, "संगणकातील नोंद पुसून टाकू, सकाळी गाडी थंड असताना दाखवू, दोन महिने कोणाला कळणार नाही." पहिले गिऱ्हाईक आले ते भरतकामाचे कारागीर होते. बारा वर्षांची बचत घेऊन आले होते. सासुरवाडी कन्नडला, म्हणजे औट्रम घाट चढून जाणे आलेच. गाडी त्यांना पसंत पडली होती. एजंटने आमच्याकडे पाहिले.

आम्ही तीस वर्षे कापड विकत आहोत. डागी ताका वेगळा ठेवतो आणि डाग दाखवूनच विकतो. मालातील ऐब लपवून विकणे ही हलाल कमाई नव्हे, हे आपल्याला लहानपणीच मदरशात शिकवले गेले. लोखंडाच्या मालाला वेगळा नियम नाही. आम्ही त्यांना सर्व सांगितले आणि ही गाडी तुमच्या रस्त्याची नाही, घेऊ नका, असेही सांगितले. ते सलाम करून निघून गेले. पुढे एका शिक्षकांनी, दोष समजून घेऊन, दुरुस्तीची रक्कम वजा करून ती घेतली. नुकसान झाले, पण त्या रात्री झोप नीट लागली.

जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळील आमणे हा टप्पा सुरू झाला. सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसाऱ्याची चढण टाळता येऊ लागली आहे. पण औट्रम, कुंभार्ली, आंबा हे घाट आपल्या जागी आहेत, आणि भिवंडीची गर्दीही. म्हणून बांधवांनो, जुनी दोन क्लचची गाडी घेताना ती तासभर गर्दीत चालवून पाहा, तापल्यावर चढावर थांबवून निघून पाहा, चढावर रिव्हर्स घेऊन पाहा, सर्व्हिसचे कागद मागा. आणि विकताना गिऱ्हाईकाने न विचारताही सांगा. गाडी आज ना उद्या भंगारात जाईल. व्यापाऱ्याचा शब्द मात्र त्याच्या मुलांनाही उपयोगी पडतो.