विश्लेषण : पाठलाग सुरू असतानाच नायक-नायिका जवळ का येतात?

मागे शत्रू, हाताशी वेळ नाही आणि सोबतीला जेमतेम ओळखीचा माणूस. अ‍ॅक्शनपटांतील सुटकेची दृश्ये बहुतेकदा याच तीन गोष्टींवर उभी असतात. श्वास रोखायला लावणाऱ्या त्याच काही मिनिटांत दोन पात्रांमध्ये जवळीकही निर्माण होते. हे कसे साधले जाते, याविषयी…

ताण कशामुळे वाढतो?

आल्फ्रेड हिचकॉक टेबलाखालच्या बॉम्बचे उदाहरण देत. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. पण तो तिथे आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असेल आणि पात्रांना नसेल, तर त्यांच्या साध्या गप्पाही असह्य होतात. म्हणजे ताण माहितीतून येतो. ‘स्पीड’ (१९९४) या चित्रपटात बसचा वेग ताशी ५० मैलांखाली गेला की स्फोट होणार, हे आधीच सांगितले जाते. त्यानंतर साधे वळण किंवा वाहतूक कोंडीही धोकादायक ठरते.

जवळीक कुठून येते?

संवादांपेक्षा सक्तीच्या सोबतीतून. हिचकॉक यांच्याच ‘द थर्टी नाइन स्टेप्स’मध्ये (१९३५) नायक आणि त्याच्यावर विश्वास नसलेली नायिका एकाच बेडीत अडकतात. कुंपण ओलांडायचे असो वा ओले मोजे काढायचे, एकाचा हात दुसऱ्यामागे जातोच. ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’मध्ये (२०१५) तर नायक-नायिकेत प्रेमप्रसंगच नाही. मोजक्याच गोळ्या उरलेल्या असताना मॅक्सचे दोन नेम चुकतात. तो मुकाट्याने रायफल फ्युरिओसाकडे देतो आणि तिला टेकवायला स्वत:चा खांदा पुढे करतो. दोघांमधला विश्वास दाखवायला एवढे पुरते.

कॅमेरा आणि संकलन काय करतात?

‘फ्युरी रोड’मध्ये वेगाने दृश्ये बदलतात, तरी महत्त्वाची गोष्ट बहुतेक वेळा पडद्याच्या मध्यभागीच राहते. त्यामुळे डोळे भिरभिरत नाहीत. संकलक मार्गारेट सिक्सेल यांना या कामासाठी ऑस्कर मिळाले. ‘चिल्ड्रन ऑफ मेन’मध्ये (२००६) याच्या उलट तंत्र आहे. मोटारीवरील हल्ला सलग एकाच दृश्यात घडतो आणि कॅमेरा प्रवाशांमध्येच बसलेला असतो. हल्ल्याच्या काही क्षण आधी थिओ आणि ज्युलियन हे पूर्वीचे जोडपे तोंडाने चेंडू झेलण्याचा पोरखेळ करत असते. आधी माया, मग धोका, या क्रमामुळेच पुढचा आघात जिव्हारी लागतो.

यामागे मानसशास्त्र आहे का?

डोनाल्ड डटन आणि आर्थर एरॉन यांनी १९७४ मध्ये कॅनडातील कॅपिलानो झुलत्या पुलावरील प्रयोग प्रसिद्ध केला. उंच, डुगडुगत्या पुलावर एका तरुणीला भेटलेल्या पुरुषांपैकी अधिक जणांनी नंतर तिला फोन केला. भक्कम पुलावर भेटलेल्यांमध्ये हे प्रमाण कमी होते. भीतीने वाढलेल्या धडधडीला मन आकर्षण समजते, असा अर्थ त्यातून लावला गेला. त्यावर पुढे आक्षेपही घेतले गेले. मात्र पडद्यावर नायक-नायिकेचे पटकन जुळणे प्रेक्षकाला का पटते, याचा अंदाज त्यातून येतो.

पळणे थांबल्यावर काय?

अशी जवळीक टिकेल का, ही शंका ‘स्पीड’च्या शेवटी पात्रेच थट्टेत व्यक्त करतात. १९९७ च्या दुसऱ्या भागात ते दोघे वेगळे झालेले दिसतात. मराठीत हा प्रश्न सर्वात गंभीरपणे विचारला तो नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने (२०१६). आर्ची-परशाचे गावातून निसटणे थरारक आहे. पण त्यांच्या नात्याची खरी परीक्षा होते ती हैदराबादच्या झोपडपट्टीत, परका मुलूख, पैशांची चणचण आणि संशय यांच्याशी झगडताना. ते नाते तिथे तगते. जातीचा पाठलाग मात्र सुटत नाही. शेवटच्या दृश्यात ना धावपळ आहे, ना पार्श्वसंगीत. धोका टळला असे वाटत असतानाच तो दारात येतो आणि प्रेक्षागृह सुन्न होते.