अग्निमुखातून वाचलेले ग्रंथ

आपल्या पंचपाठी पोथ्यांत मूळ वचन पानाच्या मध्यभागी आणि टीका त्याच्या चहूंबाजूंनी लिहिलेली असते. यहुदी धर्मपंडितांच्या ‘तलमूद’ या महाग्रंथाच्या छापील पानाचे चित्र प्रथम पाहिले, तेव्हा मला त्या पोथ्यांचीच आठवण झाली. मध्ये मिश्ना आणि तिचे विवरण करणारी गमारा, शिवणीच्या अंगास अकराव्या शतकातील राशी या आचार्यांचे भाष्य, बाहेरच्या अंगास त्यांच्या परंपरेतील पंडितांची ‘तोसाफोत’ ही टिप्पणी. भाषा निराळी, लिपी निराळी. परंतु गुरुवचनाभोवती शिष्यांनी बसावे तशी ही मांडणी!

संपूर्ण बाबिलोनी तलमूद प्रथम छापला गेला तो व्हेनिस नगरीत, १५१९ ते १५२३ या काळात. छापणारा डॅनिअल बाँबर्ग स्वतः ख्रिस्ती होता. त्याने घातलेले पत्रांक आजही प्रमाण मानतात.

पुढे तीस वर्षांतच विपरीत घडले. ९ सप्टेंबर १५५३ रोजी रोमच्या भरचौकात तलमूदाच्या प्रती जाळण्यात आल्या. तो दिवस यहुद्यांच्या नववर्षाचा होता. ऐन सणाच्या दिवशी घरातील ग्रंथ बाहेर काढून त्यांची होळी करावी, यापरते दुःख कोणते? पुढील महिन्यात व्हेनिसमध्येही तेच झाले. इतर ग्रंथांतील आक्षेपार्ह ठरलेल्या ओळींवर तपासनिसांनी शाई फासली. मौज अशी, की ती शाई कालांतराने विटली आणि कित्येक पानांवर खोडलेली अक्षरे पुन्हा वाचता येऊ लागली.

या ग्रंथांच्या दुर्मिळतेला आणखी एक, सात्त्विक कारण आहे. आपण जीर्ण पोथी गंगार्पण करतो. यहुदी ती आदराने भूमीत पुरतात. १४७५ साली इटलीतील रेज्जो येथे छापलेले राशींचे भाष्य हा छपाईचा काळ नोंदलेला पहिला हिब्रू ग्रंथ. त्याची एकच ज्ञात प्रत, तीही अपुरी, पार्मा येथे आहे. आपल्या बेने इस्रायल बांधवांसाठी १८७४ साली पुण्यास छापलेले, हिब्रू व मराठीतील वल्हांडण सणाचे विधिपुस्तकही आता संग्राहक शोधत असतात.

अशा संग्राहकांत लंडनचे हिऱ्यांचे व्यापारी जॅक लुंझर यांची निष्ठा विलक्षण म्हणावी लागेल. १९५६ साली एका प्रदर्शनात त्यांनी बाँबर्गच्या तलमूदाची उत्तम प्रत पाहिली. ती वेस्टमिन्स्टर ॲबे या ख्रिस्ती मंदिराच्या मालकीची होती. देवस्थान आपला ग्रंथ विकणार कसे? लुंझर थांबले. १९८० साली त्या मंदिराच्या मूळ सनदेची नऊशे वर्षांची जुनी नक्कल विक्रीस आल्याचे त्यांना कळले. त्यांनी ती मिळवून मंदिरास अर्पण केली, आणि त्याच्या बदल्यात तलमूदाचे नऊ खंड त्यांच्या घरी आले. चोवीस वर्षांची ही उपासना! त्यांच्या वाल्मदोन्ना संग्रहात पुढे सुमारे १३ हजार ग्रंथ झाले.

२२ डिसेंबर २०१५ रोजी न्यूयॉर्कच्या लिलावात त्या नऊ खंडांस सुमारे ९३ लाख डॉलर आले. हा आकडा ऐकून लोक थक्क होतात. मला ती चोवीस वर्षेच मोठी वाटतात. २०१६ मध्ये लुंझर निवर्तले. पुढच्याच जानेवारीत त्यांच्या संग्रहाचा मोठा भाग जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने घेतला. ते नऊ खंड मात्र त्याच्याबरोबर गेले नाहीत.