वर्गात बसता येतं, परीक्षेला नाही
नर्सिंगचं शिक्षण समजून घेताना : भाग ६

बी.एस्सी. नर्सिंगच्या पाचव्या सेमचे परीक्षा अर्ज सुरू झाले की कुणाचा ना कुणाचा अर्ज अडतो. मुलगी रोज कॉलेजला येते, वॉर्डात ड्युटी करते, पाचव्या सेमचे वर्गही तिने नेमाने केलेले असतात. तरीही तिचा अर्ज बाजूला निघतो, कारण पहिल्या सेमचा ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचा पेपर अजून सुटलेला नाही. घरचे विचारतात, 'मग हिला पुढच्या वर्गात बसू कसं दिलं?'

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर नियमांतच आहे. मागच्या भागात आठ सेमचा अभ्यासक्रम पाहिला. आज पाहू, एका सेममधून दुसऱ्यात जायचं कसं, कुठे अडकायला होतं आणि कुठली कसर कधीच माफ होत नाही.

नियम कुणाचे?

देशभरातल्या नर्सिंग पदवीचे किमान नियम इंडियन नर्सिंग कौन्सिलचे आहेत. ही संस्था १९४७च्या कायद्याने उभी राहिली. तिच्या जागी राष्ट्रीय आयोग आणण्याची तरतूद २०२३च्या कायद्याने केली आहे. पण आजच्या विद्यार्थ्यांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा कौन्सिलच्या २०२०च्या विनियमांवर बेतलेल्या आहेत. हे विनियम जुलै २०२१मध्ये राजपत्रात आले आणि वार्षिक परीक्षांच्या जागी सेमिस्टर पद्धत आली.

महाराष्ट्रात परीक्षा घेतं ते नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. गोव्यात बांबोळीची नर्सिंग शिक्षण संस्था गोवा विद्यापीठाला जोडलेली आहे. अंतर्गत गुण, हजेरी आणि लॉगबुक ही कॉलेजची जबाबदारी. पदवी मिळाल्यावर नोंदणी करते ती राज्याची परिषद, म्हणजे आपल्याकडे महाराष्ट्र परिचर्या परिषद. त्यामुळे 'नियम काय आहे?' असं विचारण्याआधी प्रश्न कुणाच्या अखत्यारीतला आहे, हे पाहावं. हजेरीची तक्रार घेऊन नाशिक गाठण्यात अर्थ नसतो आणि पेपरच्या निकालाबद्दल वर्गशिक्षिकेशी वाद घालण्यातही नसतो.

इथे बोलतोय ते फक्त चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगबद्दल. जीएनएम पदविकेचे नियम वेगळे आहेत.

तीन नाके

कॉमर्स-आर्ट्सच्या घरात वाढलेल्यांना एटीकेटी ओळखीची असते. दोन विषय राहिले तरी वर्ष पुढे सरकतं, विषय मागून सुटतात. नर्सिंगला आलेली मुलंही हीच सवय घेऊन येतात आणि इथेच फसतात.

नर्सिंगमध्ये पुढच्या सेमच्या वर्गात बसणं आणि पुढच्या सेमच्या परीक्षेला बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्गाच्या बाबतीत नियम सैल आहे : विषय राहिला तरी पुढच्या सेमचे वर्ग करता येतात. परीक्षेच्या बाबतीत मात्र वाटेत तीन ठिकाणी टोलनाक्यासारखा दांडा आडवा येतो. पाचव्या सेमची परीक्षा द्यायची तर आधीच्या सगळ्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्या हव्यात. सातव्या सेमलाही तेच आणि शेवटच्या, आठव्या सेमलाही तेच. आधीच्या प्रश्नाचं उत्तर हेच. मुलीला वर्गात बसू दिलं ते नियमाने, आणि अर्ज अडला तोही नियमानेच.

या रचनेचा एक परिणाम सहसा कुणी समजावून सांगत नाही. राहिलेला विषय कितव्या सेमचा आहे, यावर त्याचं वजन ठरतं. पहिल्या सेमचा पेपर राहिला तर पाचव्याच्या नाक्यापर्यंत हातात तीन सेम असतात. चौथ्या सेमचा पेपर राहिला तर नाका पुढच्याच सेमला उभा! सहाव्याचं आणि सातव्याचंही तसंच. म्हणून चौथ्या, सहाव्या आणि सातव्या सेममध्ये 'नंतर बघू' म्हणायची सोय नसते.

एकदा अडलं की गुंता वाढतो. पाचव्याची परीक्षा हुकली तरी सहाव्याचे वर्ग सुरूच राहतात. मग पाचव्याचे न दिलेले पेपर आणि सहाव्याचे पेपर, दोन्ही सातव्याच्या परीक्षेआधी सोडवावे लागतात. बॅच पुढे जाते आणि ही मुलगी मागे पडते. त्यावर आणखी एक मर्यादा आहे : अभ्यासक्रम जास्तीत जास्त आठ वर्षांत पूर्ण झाला पाहिजे.

नाका पाचव्यालाच का?

अभ्यासक्रमाची मांडणी पाहिली की उत्तर दिसतं. पहिल्या दोन सेममध्ये शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, आहारशास्त्र आणि नर्सिंग फाउंडेशन. तिसऱ्या-चौथ्यात सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, विकृतिशास्त्र आणि प्रौढ रुग्णांची शुश्रूषा. पाचव्यात विद्यार्थिनी बालरुग्ण विभाग, मनोरुग्ण विभाग आणि वस्तीतल्या कामाकडे वळते. सहाव्या-सातव्यात प्रसूतिशास्त्र येतं.

आता बालरुग्ण विभागातलं एक साधं काम घ्या. दहा किलोच्या तापलेल्या मुलाला डॉक्टरांनी किलोमागे १५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल लिहून दिलंय, म्हणजे १५० मिलिग्रॅम. हाताशी असलेल्या सिरपच्या बाटलीवर '५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम' लिहिलंय, तर ६ मिलिलिटर द्यायचं. शेजारी तसलीच दुसरी बाटली आहे, पण तिच्यावर ५ मिलिलिटरमध्ये २५० असं लिहिलंय. त्यातून ३ मिलिलिटरच द्यायचं. लेबल न वाचता सवयीने ६ ओतलं तर मुलाला दुप्पट औषध जातं. हा हिशोब औषधशास्त्रात शिकवतात. ज्या मुलीचा तो पेपरच सुटलेला नाही तिला पाचव्याच्या परीक्षेला बसू द्यावं का, असा प्रश्न ठेवला की नाका त्या जागी का आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही.

पास म्हणजे किती?

उत्तीर्ण व्हायला ५० टक्के लागतात, तेही थिअरी आणि प्रॅक्टिकलमध्ये वेगवेगळे. थिअरीत ७० आणि प्रॅक्टिकलमध्ये ४५ असतील तर सरासरी कितीही छान दिसो, प्रॅक्टिकल गेलं. दिलासा एवढाच, की जो भाग गेला तेवढाच पुन्हा द्यायचा असतो. इंग्रजी आणि ऐच्छिक मॉड्यूल यांना ४० टक्के पुरतात.

थिअरीचे १०० गुण साधारणपणे अंतर्गत २५ आणि सेमअखेरचे ७५ असे विभागलेले असतात. काही पेपर जोडपेपर आहेत. ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजीचा पेपर एकच, पण विभाग दोन : एक ३७ गुणांचा, दुसरा ३८चा. एकावर भिस्त ठेवून दुसरा सोडून देणाऱ्यांचा घात हाच पेपर करतो.

शिवाय विषयांत गुंफलेली काही मॉड्यूल सक्तीची आहेत. नर्सिंग फाउंडेशनमध्ये प्रथमोपचार आणि आरोग्य तपासणी, पुढे नवजात बालकाची काळजी, कुशल प्रसूती साहाय्य वगैरे. यांतही ५० टक्के हवेत. 'ती काय, नुसती सर्टिफिकेटं' असं समजून ती मागे टाकणं महागात पडतं.

ऐंशी आणि शंभर

आता हजेरी. नियमात याबद्दल दोन आकडे आहेत आणि गल्लत इथेच होते.

परीक्षेला बसायला प्रत्येक विषयात, थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत, किमान ८० टक्के हजेरी हवी. गैरहजेरीचं कारण कुठलंही असो. टायफॉइड असो, गणपतीला गाव गाठलेलं असो की बहिणीचं लग्न असो, हे सगळं उरलेल्या २० टक्क्यांत बसवायचं. वैद्यकीय दाखला दिला की हजेरी लागते, हा समज चुकीचा आहे.

पदवी मिळण्याआधी मात्र प्रत्येक प्रॅक्टिकल-क्लिनिकल विभागातली हजेरी १०० टक्के पूर्ण लागते. म्हणजे २० टक्क्यांची सवलत परीक्षेपुरती आहे. रुग्णाजवळचे जे तास बुडाले ते माफ होत नाहीत, नावावर बाकी राहतात.

हा हिशोब मांडून पाहू. अभ्यासक्रमात थिअरीचं एक क्रेडिट २० तासांचं, प्रयोगशाळेचं ४० तासांचं आणि क्लिनिकलचं ८० तासांचं असतं. पहिल्या सेमच्या नर्सिंग फाउंडेशनला क्लिनिकलची दोन क्रेडिट्स, म्हणजे १६० तास. ८० टक्के म्हणजे १२८ तास भरले की परीक्षेचा रस्ता मोकळा, पण ३२ तास शिल्लक राहतात. दुसऱ्या सेमला त्याच विषयाची चार क्रेडिट्स, ३२० तास. तिथेही काठावर राहिलं तर आणखी ६४ तास. दोन सेममध्ये मिळून ९६ तासांची बाकी, म्हणजे आठ तासांच्या १२ ड्युट्या. पहिल्या वर्षी ही बाकी जाणवत नाही. शेवटच्या वर्षी बॅचमधल्या मैत्रिणी नोंदणीच्या कागदांच्या मागे लागलेल्या असताना कुणीतरी राहिलेल्या ड्युट्या भरत असतं, त्याचं मूळ इथे असतं.

राहिलेला पेपर पुढच्या संधीला सुटतो आणि कमी गुण पुढच्या सेमला भरून काढता येतात. वॉर्डातले तास मात्र वॉर्डातच भरावे लागतात. नर्सिंगच्या नियमांत सगळ्यांत कडक काही असेल तर हे.

लॉगबुकचं पान

तास भरले, पण त्या तासांत केलं काय? याचा पुरावा म्हणजे लॉगबुक. त्यात कृतींची यादी असते : रक्तदाब मोजणं, अंथरुणातली अंघोळ घालणं, स्नायूत इंजेक्शन देणं, लघवीची नळी घालणं, ड्रेसिंग बदलणं. प्रत्येक कृतीपुढे तारीख आणि शिक्षिकेची सही.

मुली कंटाळतात ते या सह्यांना. दिवसभराच्या ड्युटीनंतर पाय दुखत असतात, मॅडम दुसऱ्या वॉर्डात गेलेल्या असतात, आणि 'आठवड्याच्या सह्या एकदम घेऊ' असं ठरतं. आठवड्याचा महिना होतो. मग मॅडमना आठवत नाही, मुलीला तारीख आठवत नाही आणि केलेलं काम कागदावर न केलेलं ठरतं. सही त्याच दिवशी, त्याच वॉर्डात घ्यावी. त्यात आणखी एक फायदा आहे. कृती चुकली असेल तर मॅडम तिथल्या तिथे सांगतात. महिन्याभराने घेतलेल्या सहीत फक्त सहीच मिळते.

ग्रेडचा हिशोब

गुणपत्रिकेत आता टक्क्यांबरोबर ग्रेड येते. ८५ आणि वर असेल तर दहा पॉइंट, ८०च्या वर नऊ, ७५च्या वर आठ, ६५च्या वर सात, ६०च्या वर सहा, ५०च्या वर पाच. प्रत्येक विषयाचे पॉइंट त्याच्या क्रेडिट्सनी गुणायचे, बेरीज करायची आणि एकूण क्रेडिट्सनी भागायचं. हा त्या सेमचा एसजीपीए.

समजा, सहा क्रेडिट्सच्या विषयात पाच पॉइंट मिळाले, तीन क्रेडिट्सच्या विषयात आठ आणि तीन क्रेडिट्सच्याच दुसऱ्या विषयात दहा. नुसती सरासरी काढली तर साडेसातच्या वर जाते. क्रेडिट्सनी हिशोब केला तर ३० अधिक २४ अधिक ३०, म्हणजे ८४, भागिले १२. उत्तर सात. मोठ्या विषयाने सगळ्यांना खाली ओढलं. म्हणून जास्त क्रेडिट्सच्या विषयाला जास्त वेळ द्यावा.

सगळ्या सेमचा मिळून सीजीपीए निघतो. ७.५ आणि वर असेल तर विशेष प्रावीण्यासह प्रथम श्रेणी, ६ ते ७.४९ला प्रथम श्रेणी, ५ ते ५.९९ला द्वितीय. एखाद्या विषयात नापास झालेल्याला रँक मिळत नाही, मग बाकीचे गुण कितीही असोत.

आठवं सेम

शेवटच्या सेमला रोजचे वर्ग नाहीत. २२ आठवडे, आठवड्याला ४८ तास, असे एकूण १,०५६ तास इंटर्नशिप. त्यांतले ८८ तास थिअरीचे आणि बाकी सगळे प्रत्यक्ष कामाचे. प्रौढ रुग्ण विभागात सहा आठवडे. सामुदायिक आरोग्य, बालरुग्ण, मानसिक आरोग्य आणि प्रसूती विभागात प्रत्येकी चार. शेवटी कौशल्यांची परीक्षा : १०० गुण अंतर्गत, १०० विद्यापीठाचे. तिसरा नाका या परीक्षेआधी का, हे आता उमगेल. या सेममध्ये विद्यार्थिनी आठवड्याचे ४८ तास जवळजवळ पूर्ण नर्ससारखी उभी असते आणि यानंतरचं काम परवान्यावर होतं.

घरच्यांसाठी

निकालाच्या दिवशी घरी एकच प्रश्न विचारला जातो : 'पास झालीस ना?' त्याच्या जोडीला दर सेमला आणखी तीन विचारावेत. राहिलेला विषय असेल तर पुढचा नाका किती लांब आहे? प्रत्येक विभागात क्लिनिकलचे किती तास बाकी आहेत? लॉगबुकच्या सह्या आजपर्यंतच्या आहेत का? याची उत्तरं कॉलेजच्या हजेरीपटात आणि मुलीच्या बॅगेत असतात. कुणाच्या ओळखीची गरज लागत नाही. मागायला संकोच वाटत असेल तर पहिल्या सेमच्या शेवटीच बाकी तासांचा आकडा लेखी घ्यावा. तेव्हा तो लहान असतो आणि भरून काढायला सात सेम हातात असतात.

*पुढच्या भागात : पदवी हातात आल्यानंतर परिचर्या परिषदेतली नोंदणी, आणि नावामागे 'नर्स' आणि 'मिडवाइफ' अशा दोन नोंदी का लागतात.*