उपवासकाळात मी काय सोडलं

व्हँकुव्हरमध्ये मार्च म्हणजे छत्री, ओले बूट आणि करडं आकाश. ५ मार्च २०२५ ला, बुधवारी, जेवणाच्या सुट्टीत मी ऑफिसमधून निघून डन्समुइर स्ट्रीटवरच्या होली रोझरी कॅथेड्रलमध्ये गेले. राखेचा बुधवार होता. कपाळावर राखेचा क्रूस घेऊन परत कामाला बसले. संध्याकाळी स्कायट्रेनमध्ये तसाच क्रूस लावलेली एक फिलिपिनो मुलगी माझ्याकडे बघून ओळखीचं हसली.

आमच्या वसईत या दिवसापासून उपवासकाळ सुरू होतो. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून ही राख करतात. तिथून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर दिवस ४६ भरतात. मधले ६ रविवार उपवासाचे धरत नाहीत, म्हणून ४०. या दिवसांत लग्नं नाहीत, शुक्रवारी मटण-कोंबडी नाही, आणि प्रत्येकाने आवडीची एखादी गोष्ट सोडायची. लहानपणी आई विचारायची, "यंदा काय सोडणार?" मी गोळ्या-चॉकलेटं सोडायचे, दादा चहातली साखर.

या वेळी मी ठरवलं, दादाची तक्रार कोणालाही सांगायची नाही. राग सोडणं माझ्या हातात नव्हतं. तोंड बंद ठेवणं होतं.

तक्रार अशी. २०१८ मध्ये आई गेली. मी तिसऱ्या दिवशी घरी पोहोचले, तोवर दफन उरकलं होतं. सातव्या दिवसाच्या मिस्सेनंतर, घरात पाहुणे असतानाच, दादाने माझ्यासमोर एक कागद ठेवला. हक्कसोडपत्र! "तू तर तिकडेच राहणार. वाडी घेऊन काय करशील?" आम्हा ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही, वाटा सारखाच. पण त्या दिवशी मला कायदा आठवला नाही. मला फक्त दिसलं, की आईच्या शोकासाठी मला एक आठवडासुद्धा मिळाला नाही. सही न करता मी उठले. त्यानंतर साडेसहा वर्षं आम्ही बोललो नाही.

अशा गोष्टी आपल्या किती घरांत आहेत, हे परदेशात आल्यावर जास्त कळतं. पॉटलकला चार मराठी बायका जमल्या, की हक्कसोडपत्राची एक तरी कथा निघतेच. धर्म कुठलाही असो.

पहिल्याच आठवड्यात कळलं, की ही तक्रार मी किती वेळा सांगत होते. सरीच्या वाणसामानाच्या दुकानात मैत्रीण भेटली, तिने सहज विचारलं, "वसईला कधी जाणार?" वाक्य ओठांवर आलं होतं, ते गिळलं. नवऱ्याशी बोलताना दोनदा अडखळले. आणि मनातल्या मनात तर दिवसभर कोर्ट भरलेलं असायचं, त्यात वकीलही मी आणि न्यायाधीशही मीच.

गोष्ट सांगणं थांबल्यावर, तिच्यात न बसणाऱ्या आठवणी वर यायला लागल्या. आई आजारी असताना रात्री हॉस्पिटलच्या बाकावर दादा झोपायचा. मी व्हिडिओ कॉलवर "आई, औषध घेतलंस का?" विचारायचे आणि मग माझा दिवस सुरू व्हायचा.

३० मार्चच्या रविवारी मिस्सेत उधळ्या पुत्राचा दाखला वाचला गेला. धाकटा दूरदेशी जातो, सगळं उधळून परत येतो, बाप त्याला जवळ घेतो, हे सगळ्यांना माहीत असतं. थोरला मात्र अंगणातच थांबतो. इतकी वर्षं राबलो, मला काय मिळालं, हे त्याचं दुखणं. बाप बाहेर येऊन त्याला समजावतो, आणि गोष्ट तिथेच संपते. तो आत गेला की नाही, हे सांगितलेलंच नाही. मी इतकी वर्षं स्वतःला अन्याय झालेली समजत होते. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, दूरदेशी गेलेली मी आहे आणि अंगणात दादा उभा आहे.

तरीही कागदाचं काय? पवित्र सप्ताहाच्या आधी मी पापनिवेदनाला गेले तेव्हा आमच्या फादरना हेच विचारलं. भावाला क्षमा करायची म्हणजे सही करायची का? ते म्हणाले, "सहीबद्दल वकिलाला विचार. इथे आपण तुझ्या मनाबद्दल बोलतोय. दोन्ही एकत्र बांधू नकोस." मला वाटतं, इतकी वर्षं मी नेमकं तेच केलं होतं. क्षमा केली तर हक्क गेला, हक्क धरला तर क्षमा गेली, असा हिशेब होता.

घरी येऊन लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' पुन्हा काढलं. १० फेब्रुवारी १८९५ ला नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे त्या नगरला टिळकांकडे परतल्या, पण ख्रिस्ती होऊन नव्हे. आपलं सोवळं, आपला वेगळा स्वयंपाक सांभाळत परतल्या. टिळकांनीही बाप्तिस्म्याची अट घातली नाही. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःचं मन वळल्यावर. म्हणजे नातं आधी जोडलं गेलं आणि मोठा प्रश्न नंतर सुटला.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. जिथे मारहाण आहे, छळ आहे, तिथे दूर राहणंच शहाणपणाचं. क्षमा मनातून करता येते, त्यासाठी त्या उंबऱ्यावर परत जायलाच हवं असं नाही. माझ्या बाबतीत तशी भीती नव्हती. होता तो मान.

१९ एप्रिलला, शनिवारी संध्याकाळी सात वाजता, ईस्टरच्या जागरण-मिस्सेला निघायच्या आधी मी फोन लावला. इथे अजून शनिवार होता. वसईत रविवारचे सकाळचे साडेसात, ईस्टर उजाडलेला.

"कोण?"

"दादा, मी."

बराच वेळ काही नाही. मागे वहिनी कोणाला तरी हाक मारत होती. मग तो म्हणाला, "आवाज अगदी आईसारखा झालाय तुझा." मी म्हटलं, "तू तिच्यासाठी किती केलंस, ते मी कधी बोलून दाखवलं नाही." तो म्हणाला, "तो कागद मी त्या दिवशी काढायला नको होता." मग थोडं थांबून, "पण वाडीचं ठरवायला तर लागेलच."

"ठरवू. वकिलाकडे बसून ठरवू. आज ईस्टर आहे."

"हो. जेवलीस का?"

त्या रात्री चर्चमध्ये दिवे मालवले गेले आणि एका मोठ्या मेणबत्तीवरून एकेकाची मेणबत्ती पेटत गेली, तेव्हा शेजारच्या आजींनी हळूच माझ्या हातात टिश्यू ठेवला.

वाडीची वाटणी अजून ठरलेली नाही. दादाचा वकील वेगळा, माझा वेगळा, आणि कागद पाहून दोघांनीही मान हलवली आहे. मी सही केलेली नाही. पण रविवारी फोन होतो. जूनमध्ये ओळखीचं एक जोडपं वसईहून आलं, त्यांच्याबरोबर दादाने सुकेळी पाठवली, केळीच्या सुक्या पानात बांधलेली, आई बांधायची तशीच. गाठ मात्र त्याची होती, इतकी घट्ट की सोडवायला मला कात्री घ्यावी लागली.