दम लागतो म्हणून खाट धरू नका



फुफ्फुसाच्या कर्करोगाचा रोगी दवाखान्यातून घरी आला, की जो तो सांगतो, "आता हलू नका, पडून राहा." सल्ला मायेचा, पण पुरता बरोबर नाही. नुसते पडून राहिल्याने अंगातली ताकद जाते. मग न्हाणीपर्यंत जायलाही धाप लागते, आणि धाप लागते म्हणून माणूस आणखीच खाट धरतो.

यावर डॉक्टरांना विचारून करायचे साधे व्यायाम आहेत. टेकून बसा, खांदे सैल सोडा. २ अंक मोजेपर्यंत नाकाने श्वास घ्या. चूल फुंकताना करतो तसे ओठ करून, ४ अंक मोजेपर्यंत तो हळूहळू सोडा. जोर लावू नका. दुसरा व्यायाम पोटाचा. पोटावर हात ठेवा. श्वास घेताना हात वर यावा, सोडताना खाली जावा. जमेल तसे अंगणात चाला, रोज थोडे वाढवा. दम लागला की थांबा, बसा.

याने रोग बरा होत नाही; औषधपाणी चालूच ठेवावे. पण धाप आवरते आणि आपले आपण उठता-बसता येते. छातीत दुखले, चक्कर आली, थुंकीत रक्त दिसले, तर व्यायाम सोडून दवाखाना गाठा.

धाराशिवकरांना बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय जवळ आहे. ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंद बार्शीला १९८७ सालीच सुरू झाली. तपासणीला जाल तेव्हा व्यायामही विचारून घ्या. आणि घरात विडी कोणीच ओढू नये, पाहुण्यानेसुद्धा!